चिंचा फोडताना ऐकलेला खुनी

लढाईच्या वर्षांत परतूरला रॉकेल दिसेनासं झालं आणि माझं रात्रीचं वाचन बंद पडलं. मग वाचायचं ते दुपारीच, तेही मोठ्यानं आणि तेही बायकांच्या ठोकाठोकीत. कापसाच्या जिनिंगचं काम थांबलं की आमच्या गल्लीतल्या बायका एका आडत्याकडून चिंचा फोडायला आणायच्या. सावलीची रुंद ओसरी आमचीच, म्हणून सगळ्या तिथे येऊन बसायच्या. एका हातात चिंच, दुसऱ्या हातात लोखंडी सळईचा तुकडा, खाली दगड. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे. मला ते काम कधी जमलं नाही. मी दोनदा अंगठा ठेचून घेतल्यावर गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं, जिला आम्ही मावशी म्हणायचो, माझ्या हातातली सळई काढून घेतली आणि म्हणाली, "तुमी आपलं वाचा, मास्तरीणबाई. तुमच्यानं येवढंच होतंय."

मी इंग्रजी मुलखातून लग्न होऊन मोगलाईत आलेली, चार यत्ता मराठी शिकलेली. आमचे हे, म्हणजे मास्तर, शाळेत दिवसभर उर्दूतून हिशेब शिकवायचे आणि घरी आले की भिंतीला पाठ टेकून डोळे मिटायचे. गल्लीत छापील मराठी वाचणारी बाई मी एकटीच, त्यामुळे सगळ्या पोथ्या माझ्या गळ्यात. श्रावण आला की पोथी, अधिक महिना आला की पोथी, कुणाचा नवस फेडायचा राहिला की पोथी. घसा माझा आणि पुण्य त्यांचं. मला कंटाळा यायचा, अगदी खरं सांगते. पण नाही म्हणायचाही कंटाळाच यायचा.

त्या उन्हाळ्यात मास्तरांनी मुंबईला जाऊन आलेल्या एका कापडवाल्याकडून एक जाडजूड कादंबरी वाचायला आणली. मी ती ओसरीवर घेऊन बसले, तर मावशीनं आधी पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "अहो मावशी, ही पोथी नाही. खुनी माणसाची गोष्ट आहे."

"आसंना का. वाचायचं म्हणल्यावर हात जोडावंच लागतात."

पुठ्ठ्यावर सुरा उगारलेला एक माणूस होता. कुंकू बरोब्बर त्याच्या कपाळावर बसलं.

गोष्ट अशी होती. खेड्यातला एक तरणाबांड गडी पोटासाठी मुंबईला जातो, गोदीत ओझी वाहतो, तिथल्या एका दादाच्या तालमीत शिरतो, त्याचा उजवा हात होतो आणि त्याच्या सांगण्यावरून एकाचा खून करतो. शेवटी त्या दादालाच मारतो आणि फासावर जातो. खून कुणी केला हे शोधायचं काही नव्हतं. ते पहिल्यापासून माहीतच. लेखकाला सगळा सोस होता तो त्या माणसाच्या मनात शिरायचा. खून दोन पानांत उरकला होता आणि खुनाआधीची घालमेल चाळीस पानं चालली होती. माझा घसा त्या घालमेलीतच बसला.

पण बायकांना तीच आवडली. दबा धरून बसलेल्या माणसाला आई आठवते, तिथे सगळ्या सळया थांबल्या. मावशी तेवढी तोंड वाकडं करून म्हणाली, "येवढा इचार करून राह्यला तर सुऱ्याला धार कवा लावली यानं?"

रेल्वेतल्या पॉइंटमनची नवी बायको, दिवसभर त्या खुन्याच्याच बाजूनं बोलणारी, तिला ते खपेना. "गरिबीनं करायला लावलं हो त्याला. त्याचं काळीज बघा ना किती मऊ हाय."

"मऊ काळजाचा हाय तर ज्याला मारला त्याला पण सांगून ये."

असे रोज वाद. चाळ म्हणजे काय, समुद्र आपल्या दुधना नदीपेक्षा मोठा असतो का, असले प्रश्न आधी दोन दिवस झाले. मग मात्र बोलणं त्या माणसावरच यायचं. तो वाईट की त्याचे दिवस वाईट? दादानं सांगितलं तरी हात त्याचाच ना? गावीच राहिला असता तर? पॉइंटमनची बायको तर घरी जाऊन नवऱ्यालाही गोष्ट सांगायची आणि दुसऱ्या दिवशी त्याचंही मत घेऊन यायची. तोही खुन्याच्याच बाजूचा निघाला.

या सगळ्यात एकच बाई फारसं बोलायची नाही. ती आमच्या समोरच्या खोलीत एकटी राहायची, म्हणून तिला मी समोरची म्हणते. हंगामात ती जिनिंगवर कापूस निवडायला जायची आणि उन्हाळ्यात चिंचा फोडायची. तिचा नवरा मुंबईला असतो एवढंच गल्लीला माहीत होतं. वाचन चालू असताना ती मान खाली घालून सळई चालवायची आणि मधेच एकदा विचारायची, "त्याला बायको हाय ना, बाई? पहिल्या दिशी वाचल्तं तुमी."

"आहे. येईल पुढे."

ती पुढे आली नाही. गोदीतल्या दिव्यांचं वर्णन आलं, दादाच्या मिशीचं आलं, एका गाणाऱ्या बाईच्या पायातल्या चाळांचंही आलं. बायको काही आली नाही.

कादंबरी निम्मी झाली तेव्हा समोरचीचे थोरले दीर घनसावंगीकडच्या गावाहून आले. तिच्या खोलीत पुरुषमाणूस नाही म्हणून ते आमच्या ओसरीवर, मास्तरांच्या समोर बसले. ती दाराशी उभी राहिली, मी आत. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तिचा नवरा मुंबईला नोकरीवर नव्हता, तुरुंगात होता. शेजारच्या गावचाच एक माणूस तिकडे मुंबईत त्याच्या हातून मेला होता. आता आखितीनंतर, अक्षय्य तृतीया झाली की, त्याची सुटका होती.

"गावात ठेवता येत न्हाई," दीर म्हणाले. "मेलेल्याचे भाऊ बाजूलाच हायेत. तुज्याकडंच आणावा लागंल. हो-न्हाई काय ते सांग. दोन बाजार सोडून येतो मी."

ती दीर गेल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, कुणाला सांगू नका. आधी पुस्तक संपू द्या."

पुस्तकाचा आणि याचा काय संबंध, ते मला तेव्हा कळलं नाही. पण त्या दिवसापासून मला वाचताना तिच्याकडे बघवेना आणि बघितल्याशिवायही राहवेना. बायका त्या खुन्याला समजून घ्यायच्या आणि ती त्यांच्या तोंडांकडे बघत बसायची. मला वाटलं, नवऱ्याला आणायला धीर गोळा करत असेल. मी मनातल्या मनात म्हटलं, बरंय, निदान एवढ्यासाठी तरी माझ्या घशाचं चीज होईल.

फाशीचं प्रकरण आलं त्या दिवशी ऊन असं होतं की चिंचेचा गर बोटांना चिकटून सुटत नव्हता. मी शेवटचं पान वाचलं. पॉइंटमनची बायको पदर तोंडात धरून रडत होती. मावशीनंही नाक ओढलं, पण ते चिंचेच्या धुळीनं झालं म्हणाली. मी पुस्तक मिटून उठायला लागले.

"उठायचं न्हाई," मावशी म्हणाली. "मरणावर वाचन सोडत असतात का? पहिला अध्याय धरा."

ही आमच्या गल्लीतली पोथीची रीत. शेवटचा अध्याय संपला की त्याच बैठकीला पहिला पुन्हा सुरू करायचा, म्हणजे वाचन संपलं असं होत नाही. मी म्हटलं, अहो, ही पोथी नाही, माझा घसा गेलाय, आणि यात अध्याय नाहीत, प्रकरणं आहेत. कुणी ऐकेना. पॉइंटमनच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. चडफडत मी पहिलं प्रकरण काढलं.

पहिल्या प्रकरणात तो पहाटे गाव सोडतो. शुक्राच्या चांदणीला दीड पान दिलं होतं. मग त्याचे रुंद खांदे, मग त्याचं पागोटं. मग दोन ओळी: दाराआड उभी असलेली बायको म्हणाली, "परत कधी यायचं?" तो चालू लागला.

"किती भोळा होता हो तवा," पॉइंटमनची बायको म्हणाली. "कुणाला म्हाईत होतं पुढं आसं होणार?"

समोरचीनं सळई खाली ठेवली. "बाई, दाराआडचं ते पुन्ना वाचा."

मी वाचलं.

"मंग तिचं काय झालं?"

"पुढे काही नाही गं. एवढंच आहे."

"येवढ्या जाड पुस्तकात?"

मी पानं उलटून दाखवली. मला त्या लेखकाचा असा संताप आला की काय सांगू. चांदणीला दीड पान आणि जित्या बाईला दोन ओळी.

मावशी म्हणाली, "तिचं काय व्हायचं? बसली आसंल वाट बघत. मंग फाशीचं कळलं आसंल, कुकू पुसलं आसंल."

"म्हंजे सुटली ती," समोरची म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. पॉइंटमनची बायको म्हणाली, "आसं कसं बोलून राह्यल्या तुमी? नवरा हाय तिचा."

तेव्हा समोरचीनं सांगितलं. कुणाकडेही न बघता, पुढ्यातला गर निवडत निवडत सांगितलं. नवरा कुठे होता, कशासाठी होता, आणि आता दीर काय विचारून गेलेत. "तुमी रोज त्याच्यासाठी हळहळायच्या. म्हणलं, एकजण तरी तिचं नाव काढंल. कुणी काढलं आसतं तर मला न्हाई म्हणायला बळ आलं आसतं. हे गावाकडं संगं व्हते तवा मी दाराला कडी लावून काय करणार? मार आतच व्हता. आता कडी लावली की मला झोप लागते. येवढंच हाय माज्याकडं."

मग जे झालं ते आठवलं की मला आजही शीण येतो. त्या माणसाला समजून घेता घेता बायका इतक्या तरबेज झाल्या होत्या की ती सगळी समजूत त्यांनी समोरचीवर ओतली. गरिबीनं करायला लावलं आसंल. मुंबईच वाईट. तुरुंगात माणूस बदलतो. पुस्तकातला बघ शेवटी कसा पस्तावला! मावशीसुद्धा, जी रोज त्याला फासावर चढवत होती, म्हणाली, "कसाबी आसला तरी तुजा हाय. जाईल कुठं?"

मी चिडले. "तिला विचारलंय त्यांनी," मी म्हटलं, "तुम्हाला नाही विचारलेलं." त्यावर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच कुणाचं घर मोडत होते. त्या दिवशी चिंचा तशाच टोपल्यांत राहिल्या.

ठरलेल्या बाजाराच्या दिवशी दीर आले. समोरची दाराशी उभी राहून म्हणाली, "न्हाई. बिलकुल न्हाई." दीर मास्तरांकडे वळले, "मास्तर, तुमी तरी समजवा." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना चहा घेणार का विचारलं. दीर चहा न घेता गेले.

गल्लीनं तिच्याशी बोलणं टाकलं. आडाजवळ ती आली की बाकीच्या घागरी उचलून निघायच्या. तिनं आपला दगड आमच्या ओसरीवरून उचलला आणि स्वतःच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवला. मी पुस्तक परत पाठवलं. नवीन काही वाचा म्हणून कुणी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी वाचलं नसतं.

आणि तरी तो आला. वैशाखातल्या एका दुपारी मनमाडकडून आलेल्या गाडीतून एकटाच उतरला आणि विचारत विचारत गल्लीत आला. दिरांनी त्याला तिचं उत्तर सांगितलं होतं की नाही, देव जाणे. आधी आमच्याच दाराशी थांबला. "ती हितंच राहते का?" मी मान हलवली. मी त्याच्यात तो पुस्तकातला माणूस शोधत होते, हे कबूल करते. रुंद खांदे नाहीत, डोळ्यांत घालमेल नाही. पुढचे दात गेलेला, केस पिकलेला, उन्हानं दमलेला एक माणूस. गल्लीतल्या सगळ्या दारांत बायका उभ्या राहिल्या.

समोरची उठली. तिनं त्याला पाणी दिलं. आत बसवलं, भाकरी आणि वरण वाढलं, आणि दार सताड उघडं ठेवून स्वतः उंबऱ्यावर बसून राहिली. त्यानं मान खाली घालून जेवण केलं. मग उठला, ताट उचलून मोरीवर गेला, राखेनं स्वच्छ घासलं, विसळलं आणि भिंतीशी पालथं घातलं. आमच्याकडच्या कुठल्या पुरुषाला मी कधी ताट घासताना पाहिलं नव्हतं. समोरचीनंही पाहिलं नसावं. ती त्या ताटाकडे बघत राहिली.

"राहू का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"बरं," तो म्हणाला. चपला घातल्या आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. मागे वळून पाहिलं नाही, आवाज चढवला नाही, काही नाही.

तो वळणाआड गेला आणि समोरची मोठ्यानं रडायला लागली. इतकी वर्षं समोर राहत होती, पण तिला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. बायका दारांतून हलल्या नाहीत. मी गेले आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. मला तिची कीव आली, त्याची आली, आणि कीव करून करून मी इतकी थकले होते की तिच्या पाठीवर हात ठेवण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

"भांडायला पायजे व्हतं त्यांनी, बाई," ती म्हणाली. "भांडले आसते तर मला सोपं गेलं आसतं."