खुरांसाठी निवडलेलं औषध

आमच्या गोठ्याच्या दाराशी गाईंचे खूर बुडतील एवढा उथळ हौद आहे. खूर सडू नयेत म्हणून त्यात फॉर्मेलिन हे जहाल जंतुनाशक घालायचं मीच ठरवलं होतं. आज चांदी गाय काठाशीच अडली. तेव्हा धारा काढणाऱ्या हिरामावशींनी साडी वर खोचली आणि त्या अनवाणीच हौदात उतरल्या.

"ये गं बाई, बघ, मी उतरले ना!"

गाय निमूट त्यांच्या मागे आली. मावशींच्या टाचांच्या भेगा मला तेव्हा दिसल्या.

"मावशी, झोंबत नाही?"

"झोंबतं की. पण तू निवडलंस म्हणजे वाईट कसं असेल? कामगारांसाठी पत्रकं लिहितेस तू!"

कारखान्यांतल्या विषारी वाफांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. इथे मात्र गुरांच्या डॉक्टरांना गाईच्या कातडीबद्दल विचारलं, दुधाबद्दल विचारलं. औषध कालवणारे हात आणि अडलेल्या गाईपुढे उतरणारे पाय माझ्या प्रश्नांत कुठेच नव्हते. सुरक्षित म्हणताना मी कोणाला हिशेबात धरते, ते आज मला कळलं.

मावशींना नळापाशी बसवून मी त्यांचे पाय धुऊ लागले. मला मान वर करून बघवेना.

"अगं, पाया काय पडतेस? उद्या हौदात काय घालायचं ते सांग," त्या म्हणाल्या.