उंची वाढवणारा खेळ

मुलांनो, तुमच्यातल्या थोरलीनं परवा फोनवर मला विचारलं, "आजी, तू मुलींना बास्केटबॉल शिकवायचीस ना? मग सांग, लहान मुलं लक्ष देत नाहीत तेव्हा तू काय करायचीस?" ती तिकडे दर शनिवारी शेजारच्या पोरांना शिकवते, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण फोनवर मी नीट उत्तर दिलं नाही. त्या दिवसांबद्दल बोलायला लागलं की मला एका मुलीची आठवण येते आणि मी विषय बदलते. म्हणून लिहिते. लिहिताना थांबता येतं.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तुमच्या आजोबांची बदली हैदराबादहून औरंगाबादला झाली आणि मी एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. शाळा आधी उर्दूतून चालायची, आता मराठीतून चालू लागली होती. जुन्या शिपायाच्या तोंडात मात्र अजून आम्ही सगळ्या शिक्षिका 'उस्तानी'च होतो. हैदराबादच्या कॉलेजात मी दोन वर्षं बास्केटबॉल खेळले होते, हे मुख्याध्यापिकांना कुणीतरी सांगितलं. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "मागच्या अंगणात मुरूम टाकून घेते. दोन खांब उभे करते. तुम्ही मुली तयार करा."

मोठ्या बाई बोलल्या की काम व्हायचं. मुरूम आला, त्यावर पाणी मारून रूळ फिरवला गेला. लोहाराकडून खांबांना लावायला दोन गोल कड्या करून आणल्या. एक चेंडू आला. तो सायकलच्या पंपानं फुगवावा लागे.

थोरले, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या दिवशी चेंडू आला की मुली तोंड फिरवायच्या आणि ओढणी चेहऱ्यावर घ्यायच्या. मी त्यांना रागावले नाही. चिंध्यांचा एक मोठा चेंडू शिवला आणि दोघी दोघींना समोरासमोर उभं केलं. चेंडू टाकताना समोरचीला विचारायचं, आज डब्यात काय आणलंस. तिनं चेंडू धरत उत्तर द्यायचं. प्रश्न विचारणारीकडे आपण बघतोच, त्यामुळे नजर वर राहायची आणि भीती कधी गेली ते त्यांनाही कळलं नाही. चेंडू जमिनीवर आपटत चालताना मी पाढे म्हणायला लावायची, म्हणजे डोळे चेंडूकडे जायचे नाहीत. एक पाय रोवून त्याच्यावरच वळायचं असतं, ते मी जात्यावरून शिकवलं. खालचा दगड हलत नाही, वरचा फिरतो. ते त्यांना एका सकाळीत समजलं, कारण सगळ्यांच्या घरी जातं होतं. कडीखाली धावत जाऊन दोन पावलांत उडी मारायची, ती मात्र त्यांना जमेना. शेवटी झिम्म्याच्या टाळीवर जमली.

एका दिवशी एकच गोष्ट शिकवावी. खेळ चालू असताना चूक सांगू नये. जिला जमलं तिच्याकडून दुसरीला शिकवून घ्यावं. एवढंच मला येत होतं.

पण मुली यायला तर हव्यात. मोजून सहा जणी यायच्या, त्यातल्या दोघी घरी न सांगता. आया म्हणायच्या, पोरी काळ्या पडतील, हातपाय मोडतील, मग त्यांना करून कोण घेणार? मोठ्या बाईंनी संक्रांतीनंतर शाळेतच हळदीकुंकू ठेवलं. पालकसभेला कुणी आलं नसतं, हळदीकुंकवाला गल्लीच्या गल्ली आली. वाण म्हणून प्रत्येकीला एक कंगवा दिला. मग मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या खेळानं मुलींची उंची वाढते. उंच मुलगी चारचौघींत उठून दिसते. स्थळं चांगली येतात."

बायकांमध्ये कुजबुज झाली. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, "आमची बुटकी हाय, तिला पाठवते उद्याच." पुढच्या आठवड्यात माझ्याकडे चौदा मुली होत्या.

त्या हळदीकुंकवाला जिची आत्या आली होती, तिची ही गोष्ट.

ती बिडकीनच्या बाजूच्या एका गावची. बापाची शेती होती. शिकायला म्हणून शहागंजात आत्याकडे राहायची. आत्याच्या नवऱ्याचं खाली किराणा दुकान होतं आणि वर घर. मुलगी आठवीत होती आणि आधीच वर्गात सगळ्यांत उंच. मुली तिला मिनार म्हणायच्या. "ए मिनार, तिथून मकबरा दिसतो का गं?" ती हसून म्हणायची, "दिसतो की. तुझं घरबी दिसतं. तुझी आई लाटणं घेऊन उभी हाय."

सुरुवातीला ती फार अवघडलेली होती. एवढे लांब हातपाय कुठं ठेवावेत हे तिला कळत नसे. "बाई, मला नाय जमत," हे रोजचंच. मी तिला कडीखाली पाठमोरी उभं करायची आणि म्हणायची, "फक्त हात वर ठेव. बाकी काही करू नकोस." मग बाकीच्यांना शिकवलं की चेंडू तिच्या हाताच्याही वर एक वीत टाकायचा. तिथं फक्त तीच पोचायची. ती तो झेलायची, एका पायावर वळायची आणि कडीत सोडायची. तीन-चार महिने आम्ही एवढंच केलं. इतकं केलं की मुली न बघता तो पास द्यायला लागल्या. पहिल्यांदा एका बाहेरच्या शाळेशी खेळलो तेव्हा समोरच्या मुली नुसत्या वर बघत राहिल्या. ती परत येताना धावत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, मला वाटलं नव्हतं उंचीचा काही उपयोग असतो."

हे वाक्य मी आयुष्यभर जपलं आहे.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर तिचे नेम कमी पडायला लागले. चेंडू कडीच्या अलीकडेच पडे. मला वाटलं, मनगट ढिलं पडतंय. आठवडाभर मी मनगटावर काम केलं, काही फरक नाही. मग एकदा लांबून पाहिलं तेव्हा दिसलं की ती वाकून उभी राहते. खांदे पुढे, मान खाली.

"पाठ सरळ कर," मी म्हणाले.

"सरळच हाय की बाई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून सरळ केली. चेंडू कडीत गेला. दहा मिनिटांनी ती पुन्हा वाकलेली. शेवटी तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं, "बाई, ती घरी वाकूनच चालती. आत्याला दिसू नये म्हणून. आता सवय लागली."

"काय दिसू नये?"

मैत्रीण इकडेतिकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्हाला नाय माहीत? तिचं आत्याच्या मुलाशी ठरलंय. लहानपणापासूनच. तो तिच्यापेक्षा चार बोटं कमी हाय. गल्लीतल्या बाया तिला विचारतात, नवऱ्याला कडेवर घेशील का गं?"

आमच्यातही मामाच्या मुलीशी लग्नं होत. त्यात मला नवल काही नव्हतं. कुणी मला सांगितलं नव्हतं एवढंच, कारण सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी सांगत नाही. मोठ्या बाईंनाही ती माहीत नव्हती, नाहीतर त्या हळदीकुंकवाला वेगळं काही बोलल्या असत्या. बाकीच्या घरांना त्यांनी जे आमिष दाखवलं होतं, ते या एका घराला भीती घालणारं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. दोन दिवस वाट पाहून मी शहागंजात गेले. आत्यानं मला बसायला पाट दिला, चहा केला. ती वाईट बाई नव्हती. भाचीच्या केसांना तेल लावून वेणी घालणारी, तिच्या डब्यात स्वतःच्या मुलाच्या आधी तूप घालणारी बाई होती. मुलगी आतल्या दाराशी उभी होती, चौकटीला टेकून, वाकून.

"बाई, खेळाला माझी ना नव्हती," आत्या म्हणाली. "तेव्हा दोघं बरोबरीची होती. पण बघा की, दीड वर्षात पोर कुठल्या कुठं गेली. पोराच्या खांद्यावरून बघायला लागली. अजून दोन वर्षं खेळली तर काय करू मी? भावाला काय तोंड दाखवू?"

मी सांगितलं की मुली या वयात वाढतातच. खेळानं कुणी उंच होत नाही. तुमच्या भावाला आठवा, ते किती उंच आहेत. ती त्यांच्यावर गेली आहे.

आत्यानं कप खाली ठेवला. "मग तुमच्या मोठ्या बाई खोटं बोलल्या का? कुंकू लावून घेतलं आम्ही त्यांच्या हातचं. हळदीकुंकवाच्या दिवशी खोटं बोलतं का कुणी?"

ती पुढं म्हणाली, "तुम्ही म्हणता तेच खरं असेल तर चारचौघींत सांगा. घरात येऊन एकटीला काय सांगता?"

दारातून मुलगी म्हणाली, "आत्या, मी नाय वाढणार आता. मला कळतंय ना." आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली, "गप गं. ते काय तुझ्या हातात हाय?"

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंना सांगितलं, आयांना बोलवा, मला खरं काय ते सांगायचं आहे. त्यांनी हातातला हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "सांगा. पण बाकीच्या आयांनी कशासाठी पाठवल्यात पोरी, ते लक्षात ठेवा." तरीही त्यांनी सभा बोलावली. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

मी उभी राहिले आणि शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. या खेळानं मुलगी चपळ होते, तिची छाती भरते, तिला चारजणींशी मिळून काम करायला येतं. उंची मात्र तिच्या आईबापाकडून येते. बोलताना मी आत्याकडे बघत होते. ती शेवटच्या रांगेत बसली होती. सगळं ऐकून ती उठली आणि जाता जाता शेजारणीला, मला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "तिच्यासाठी बोलत्यात. मी डोळ्यांनी बघितलंय की नाय?"

त्या आठवड्यात दोन बुटक्या मुलींनी यायचं बंद केलं. त्यांच्या आया मला म्हणाल्या, "मग उन्हात कशाला उभं करायचं?" त्यांचंही काही चुकलं नव्हतं. त्यातली एक फार छान पास द्यायची. आणि जिच्यासाठी मी बोलले, ती काही आली नाही.

ती गेल्यावर आमचा खेळ कसा झाला ते सांगते, कारण शिकवणाऱ्याला ते कळायला हवं. मुली चेंडू आपटत कडीजवळ यायच्या आणि न बघता उंच पास द्यायच्या. तिथं कुणीच नसायचं. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून जायचा आणि भिंतीपलीकडे रस्त्यावर पडायचा. रस्त्यावरचा टांगेवाला तो परत फेकायचा. मी शिट्टी वाजवून सांगायची, "अगं, खाली द्या, खाली." त्या हो म्हणायच्या आणि पुन्हा तेच. मी त्यांच्या हातांना जे शिकवलं होतं ते त्यांचे हात विसरायला तयार नव्हते. एकदा असाच चेंडू गेल्यावर कुणी आणायला गेलं नाही. सगळ्या जणी तिथंच उभ्या राहिल्या आणि एकीला रडू फुटलं. त्या दिवशी मी सराव लवकर सोडला.

ती शाळेत येत राहिली. वर्गात मागच्या बाकावर बसायची, इंग्रजीत बऱ्यापैकी गुण मिळवायची. खेळाच्या वेळी घरी जायची. माझ्याशी खेळाचं कधी बोलली नाही. मी एकदा म्हणाले, "वर्गात तरी ताठ बस." ती कसनुसं हसली आणि ताठ बसली, तास संपेपर्यंत.

मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी लग्न झालं, तिच्या गावी. मी आणि तिच्याबरोबर खेळलेल्या तिघी एस.टी.नं गेलो. आत्यानं मला हाताला धरून पुढं बसवलं. नवरा मुलगा तहसिलात लागला होता. चेहऱ्यावरून शांत, भला वाटला, आणि पुढे तो तसाच निघाला असं ऐकलं. अंतरपाट धरला तेव्हा मी पाहिलं. तिच्या पायाखाली एक पाट होता. त्याच्या पायाखाली दोन होते, एकावर एक. कुणी हसलं नाही. आत्या फक्त वाकून विचारत होती, "हलत नाय ना रे पाट? नीट उभा राहा." मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला आणि दोघं अगदी बरोबरीला उभी होती. तिनं सहज हात उचलून हार घातला.

परतीच्या एस.टी.त चितेगाव मागं पडल्यावर तिघींतल्या एकीनं मला विचारलं, "बाई, ते पाट त्यांच्या घरी आधीपासून असतील ना? ती खेळायची तेव्हाही?"

मी तिला हो म्हणाले.