काटकसरीची जीप

रुचिता गजभिये सिहोऱ्याहून भंडाऱ्याला बी.कॉम. करायला आली तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती, घरच्या तांदळाचं अर्धं पोतं होतं आणि पैसा कसा वापरावा याबद्दलची फार ठाम मतं होती. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. बाप यादोराव गवंडी. पावसाळ्यात आपल्या दीड एकरातलं धान आणि बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या भिंती. घरात खायला कमी नव्हतं, पण हातात नोट आली की तिला घडी पडायच्या आत बाहेरचा रस्ता दिसायचा. त्यामुळे महिन्याच्या खर्चाला जे काही मिळे, ते रुचिता असं सांभाळी की जणू पुन्हा मिळणारच नाही.

गोदावरीबाईंच्या घरामागच्या खोलीत तिच्यासोबत दोघी होत्या. मोहाडीची रुपा आणि पवनीकडची खुशबू. पहिल्याच महिन्यात या दोघींचे पैसे पंधरवड्यातच संपले आणि रुचिताकडे मात्र शिल्लक राहिली. हे पाहून दोघींनी मोठ्या विश्वासानं आपले पुढचे पैसे तिच्या हाती दिले. तो त्यांच्या आयुष्यातला फार मोठा घोटाळा ठरला.

आंघोळीचा साबण आला की रुचिता तो शिवायच्या दोऱ्यानं मधोमध कापायची. अर्धा वापरायचा, अर्धा पेटीत. टूथपेस्टची नळी संपली की ब्लेडनं उभी चिरून आतून पुसून घ्यायची. भाजी बाजार उठता उठताच आणायची. आणि अभ्यास? तो गोदावरीबाईंच्या ओसरीतल्या बल्बखाली. खोलीचं मीटर वेगळं होतं, ओसरीचं गोदावरीबाईंचं. बाईंनी हे ओळखून मोठा बल्ब काढून लहान लावला. रुचिता कुरकुरली नाही. नुसती थोडी जवळ सरकून बसली.

पैसे मागायला गेलं तर विचारूच नका.

"रुचिता, दहा रुपये दे ना वो. गुपचूप खायाचे आहेत," रुपा म्हणायची. तिकडे पाणीपुरीला गुपचूप म्हणतात.

"कायले?"

"कायले म्हणजे? खायाले!"

"मागच्या सोमवारी खाल्ले ना तू?"

"मंग? मागच्या सोमवारी जेवली म्हणून आज जेवाचं नाही काय?"

याला रुचिताकडे उत्तर नसायचं. पण पैसे तिच्याकडे असायचे, म्हणून उत्तराची गरजही पडायची नाही.

दुसऱ्या वर्षी तिनं मोबाइल घेतला. जुना, कोणीतरी वापरून कंटाळलेला. त्याचं हिरवं बटण मधूनमधून दाबलेलंच राहायचं, म्हणून दुकानदारानं किंमत पाडून दिली, आणि रुचिताला तर बटणापेक्षा किंमत महत्त्वाची. गावाला यादोरावकडेही फोन आला होता. दिवाळीला घरी गेली तेव्हा तिनं आई-बापाला समोर बसवून नियम समजावले. बोलायचं नाही. बोलण्याला पैसे पडतात. नुसता मिस्ड कॉल. एकदा वाजला तर मी सुखरूप आहे. दोनदा वाजला तर पैसे पाठवा. तीनदा वाजला तर शनिवारी घरी येते.

"अन् चारदा वाजला तं?" यादोरावनं विचारलं.

"चारदा वाजनारच नाही, बाबा. माणसाचं तीन गोष्टीत सारं होते."

आई पंचफुला म्हणाली, "पन बाई, तुह्या आवाज आयकाचा असला तं?"

"सुट्टीत येतो ना मी. तवा आयकजो."

व्यवस्था उत्तम चालली. दर रविवारी सकाळी यादोरावचा फोन एकदा वाजायचा, पंचफुला "पोरगी बरी आहे" म्हणून चुलीकडे वळायची, आणि कोणाचा एक पैसा जायचा नाही.

मग फेब्रुवारीतला तो दिवस उगवला. रुचितानं सकाळी फोन पुस्तकांच्या पिशवीत टाकला आणि त्यावर कॉस्ट अकाउंटिंगचं जाडजूड पुस्तक ठेवलं. हिरवं बटण दबलं ते दबलंच. त्या फोननं जुन्या सवयीनं बापाचा नंबर लावला. कोणी उचलला नाही, तर पुन्हा लावला. पुन्हा लावला. तिकडे यादोराव शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर चढलेला, आणि फोन खाली बांबूला लटकवलेल्या सदऱ्याच्या खिशात. चहाला उतरून त्यानं पाहिलं तर एकोणीस मिस्ड कॉल.

एकोणीसला काही नियमच नव्हता.

त्यानं उलट फोन लावला. फोनमधल्या बाईनं गोड आवाजात सांगितलं की आपल्या खात्यात पुरेशी रक्कम नाही. कशी असणार? मिस्ड कॉल घ्यायला रक्कम लागत नाही म्हणून त्यानं कधी टाकलीच नव्हती. धावत तो जीपवाल्या डोमाकडे गेला. डोमानं आपल्या फोनवरून लावून पाहिलं तर रुचिताचा फोन बंद. एकोणीस वेळा वाजवून त्याची बॅटरी गार झाली होती.

"गाडी काढ," यादोराव म्हणाला.

"भाडं?"

"अरे काढ ना बाप्पा! पोरीचं काय झालं, काय नाही!"

डोमा माणूस वाईट नव्हता, पण डिझेल त्यालाही विकतच मिळायचं. जाऊन-येऊन सहाशेवर सौदा झाला. यादोरावकडे दोनशे होते, ते डिझेलमध्ये गेले. पंचफुला होती त्या लुगड्यावर बसली. यादोरावची बहीण केशरबाई शेजारीच राहायची. कोणाचं बरं होवो की वाईट, केशरबाईशिवाय ते होत नसे, त्यामुळे तीही चढली आणि तुमसर येईपर्यंत तिनं रडून गाडी ओली केली. डोमा मधून मधून म्हणायचा, "आत्याबाई, अजून काही समजलं नाही, थोडं ठेवा."

दुपारी जीप गोदावरीबाईंच्या दारात थांबली तेव्हा रुचिता बाहेरच उभी होती. धडधाकट. भाजीवालीशी भांडत होती. पाव किलो वांग्यांवर सांबार फुकट मिळतो की नाही, हा वाद ऐन रंगात होता. भंडाऱ्यात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि तो फुकट घेणं हा आपला हक्क समजतात.

केशरबाईनं जीपमधूनच टाहो फोडला. पंचफुला उतरली, लेकीजवळ गेली, आधी एक पाठीत ठेवून दिली आणि मग तिला घट्ट धरलं.

"काहून मारून राहिली वो आई? काय झालं?"

"काय झालं? एकोनीस वेळा वाजवतं अन् विचारतं काय झालं?"

रुचितानं खांद्यावरच्या पुस्तकांच्या पिशवीतून फोन काढला. तो मेलेला. हिरवं बटण अजून आतच. ती बटणाकडे पाहत राहिली. यादोराव जीपच्या पायरीवर बसला आणि त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. घाम इतका नव्हता. रुचिताला ते दिसलं आणि तिला पहिल्यांदाच आपल्या नियमांची लाज वाटली.

घडलेलं सगळ्यांना कळेपर्यंत खुशबूनं भात टाकला. मोठ्या माणसांची भूक आणि सुटलेली काळजी, दोन्ही एकदम आल्यावर काय होतं ते त्या दिवशी कळलं. तिघींना आठवडाभर पुरणारं वरण एका बसकीत संपलं. केशरबाई दोनदा म्हणाली की तिच्या गळ्याखाली घास उतरत नाही, आणि दोन्ही वेळा ताट पुढे केलं.

जेवण झाल्यावर डोमानं हात धुतले आणि नम्रपणे विचारलं, "बाकीचे चारशे कोन देते?"

यादोरावनं पंचफुलाकडे पाहिलं. पंचफुलानं छताकडे. रुचिताच्या पेटीत पैसे होते, पण त्यात खोलीचं भाडं होतं आणि संगणकावर हिशेब शिकायच्या क्लासची फी होती. ती फी तिनं साबणाचे तुकडे करून करून जमवली होती.

"मी देतो गावी गेल्यावर, धान इकून," यादोराव म्हणाला.

"थांबा, बाबा," रुचिता म्हणाली. "डोमाभाऊ, जाताना गाडी रिकामीच जाते ना?"

"रिकामी कशी? हे तिघं आहेत ना."

"तिघं म्हणजे रिकामीच!" असं म्हणून तिनं पायात चपला घातल्या आणि आईचा हात धरून जीपमध्ये बसवलं. "चला बसस्टँडवर."

स्टँडबाहेर तुमसरकडे जाणाऱ्यांची ही गर्दी. मोहाडीचा बाजार होता आणि दुपारची बस आलीच नव्हती. जीप थांबताच रुचिता फुटबोर्डवर चढली. कॉलेजात वर्गात हात वर करायलाही लाजणारी ही पोरगी, तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला की डोमाही दचकला.

"मोहाडी, तुमसर, सिहोरा! मोहाडी, तुमसर, सिहोरा! सीट खाली आहे, चला लवकर!"

लोक आले. टोपल्या आल्या, एक कोंबडी आली. रुचिता प्रत्येकाचे पैसे आधी घ्यायची आणि मगच आत सरकवायची. "काकू, थोडं तिकडे. भाऊ, ते बोचकं मांडीवर घ्या, बोचक्याचं तिकीट लागन नाही तं." रुपा आणि खुशबू मागून आल्या होत्या. त्या लांब उभ्या राहून हसून हसून एकमेकींना धरत होत्या.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. कॉस्ट अकाउंटिंग शिकवणारे धनंजय सर. राहायला मोहाडीला, त्याच बसच्या भरवशावर थांबलेले.

"रुचिता? तू इथं काय करून राहिली?"

तिनं आधी ओढणी सावरली. मग म्हणाली, "सर, रिटर्न ट्रिपची कॉस्ट काढून राहिली. मोहाडी पंधरा रुपये."

"बसला तर दहाच लागतात!"

"बस कुठं आहे, सर?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. बस कुठेच नव्हती. त्यांनी मुकाट पंधरा रुपये काढले, आणि एका कोंबडीवाल्या आजीच्या बाजूला अर्ध्या सीटवर बसले. पुढे वर्गात त्यांनी हे उदाहरण म्हणून सांगितलं, फक्त कोंबडी गाळली.

चारशे पुरे झाले, वर थोडे उरलेही. डोमा खूश होऊन म्हणाला, "पोरी, तू रोज येत जा ना वो स्टँडवर." त्यानं गिअर टाकला, जीप धूर सोडत निघाली, आणि रुचितानं समाधानानं पदराला... म्हणजे ओढणीला हात पुसले. वळून पाहते तर मागे यादोराव उभा.

"बाबा! तुमी काहून नाही बसले?"

"कुठं बसू?" यादोराव शांतपणे म्हणाला. "माह्या जागेवर तू एक बाई बसवली. पैसे घेतले तिचे. मंग मी म्हनलं, धंद्याच्या मधात कायले बोलाचं?"

रुचितानं बापाची सीट विकली होती. रुपानं हे ऐकलं आणि ती हसत हसत रस्त्यातच खाली बसली.

पुढची बस संध्याकाळी होती. एवढा वेळ काय करायचा, हे दोघांनाही समजेना. रोज कामावर असणारा माणूस, त्याला रिकामी दुपार म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. रुचिता त्याला खांब तलावाकडे घेऊन गेली. वाटेत समोसे घेतले, चहा घेतला, नंतर यादोराव एका गाड्याकडे पाहत आहे असं वाटलं म्हणून साखरेचे गुलाबी बुढीचे बाल घेतले. कशाचाच भाव तिनं विचारला नाही. पैसे देऊन झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं आणि जरा विचित्र वाटलं, चपलेत खडा गेल्यासारखं. मग तेही वाटायचं थांबलं.

तलावाच्या काठावर बसून यादोराव बोलत राहिला. त्यानं बांधलेली पहिली भिंत पावसात कशी पडली, आणि पडली ती मालकाच्या बकरीवर कशी, ते सांगितलं. पंचफुलाला बघायला गेला तेव्हा कोणाची चप्पल घालून गेला होता, तेही सांगितलं. रुचितानं यातलं काही कधी ऐकलं नव्हतं. मिस्ड कॉलमधून असलं काही येत नसतं. मग बोलता बोलता तो तिथंच दुपट्टा डोक्याखाली घेऊन आडवा झाला आणि झोपला. बसची वेळ झाली. रुचितानं त्याच्याकडे पाहिलं, उठवावंसं वाटलं नाही. त्यानंतर आणखी एक बस होती, तिनं जाता येत होतं.

रुचिता आज तुमसरच्या एका पतसंस्थेत हिशेब पाहते. वसुलीला ती गेली की लोक आधी चहा विचारतात आणि मग पैसे काढतात, कारण चहानं काही होत नाही हे त्यांना कळलंय. साबण ती अजूनही कापते. पण संध्याकाळी आईशी फोनवर बोलायला बसली की अर्धा अर्धा तास, तेही गावातल्या कोणाची म्हैस किती दूध देते यावर.

यादोराव सिहोऱ्यात कोणीही भेटलं की त्या दिवसाबद्दल सांगतो. त्यात जीप नाही, एकोणीस कॉल नाहीत, विकलेली सीट नाही. "पोरीनं मले भंडाऱ्याले बलावलं, तलावावर फिरवलं, समोसा चारला," एवढंच. केशरबाई बाजूला असली की मात्र तिला राहवत नाही.

"अन् मी तीन तास कोंबडीच्या बाजूनं उभी आली!" ती म्हणते. "मलेही उतरवाचं होतं ना वो. समोसा मले आवडत नाही काय?"