दत्तक धामण आणि बाकीचे सोयरे

विश्वास कोणावर ठेवावा हो? 'आमचा कुत्रा काही करत नाही' म्हणणाऱ्या मालकावर, की पोत्यांच्या थप्पीमागून सरकन निघून जाणाऱ्या धामणीवर? मला विचाराल तर मी धामणीच्या बाजूनं! पांढरकवड्याला माझं धान्याचं आणि गुरांच्या ढेपीचं दुकान. शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं दुकानापुढच्या बाकड्यावर लोकांनी शिकवलं. त्या बाकड्यावर किस्से कसे जमतात ते कळत नाही. एक जण चहा पिता पिता आपला टाकून जातो, दुसरा त्यावर आपला ठेवतो, आणि पाहता पाहता छतापर्यंत थप्पी! सापांचेच इतके साचलेत की आता माल बाहेर काढायलाच हवा.

याला कारण पाठक मॅडम. इथल्या शाळेत विज्ञान शिकवतात. माहेर यवतमाळचं, घरात सगळे नोकरीवाले. त्यांनी शाळेत 'सरपटू क्लब' काढला आणि दत्तक योजना आणली. गोष्ट साधी. आपल्या घराच्या, वावराच्या आसपास राहणारा एक सरपटणारा जीव निवडायचा. तो राहणार आहे तिथंच. त्याला मारायचं नाही, पकडायचं नाही. घरात शिरलाच तर सर्पमित्राला फोन करायचा. शाळा तुम्हाला प्रमाणपत्र देणार, त्यावर त्या जिवाचं चित्र आणि खाली तुमचं आडनाव!

पालकसभेत 'दत्तक' शब्द निघाला. मागून तहसीलातले एक बाबू उठले.

"मॅडम, दत्तक घेतलं की सातबाऱ्यावर नाव चढवा लागते काय?"

"नाही हो!"

"उद्या वाटणी तं मागणार न्हाई ना?"

"अहो, साप आहे तो!"

"मग लिहा माह्या नावानं. माह्या भावापरीस बरा!"

सभा हसली. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांना सापांची भीती, आणि त्याहून जास्त पालकांची. त्यांनी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, "दत्तक दिलेला एक जरी जीव कोणी मारला, तर क्लब त्याच दिवशी बंद." तेव्हापासून फोन वाजला की मॅडमचा चेहरा आधी उतरायचा आणि मग त्या 'हॅलो' म्हणायच्या.

*

आमच्या सौभाग्यवतींनी पाल दत्तक घेतली. "नाही तरी भिंतीवर तीच राहून राह्यली, भाडं न देता," म्हणाली. आता, पाल चुकचुकली की बोललेलं खरं असतं, असं आमच्या घरात मानतात. एकदा जेवताना मी सांगत होतो, की तरुणपणी मी शंभर किलोचं पोतं एकट्यानं उचलायचो. बायको घास हातात धरून छताकडं पाहत बसली.

"काय पाहतेस?"

"पाहून राह्यली. मी बोलली की चुकचुकते. तुमी बोलले का गपचिप. शाळेच्या प्रमाणपत्राची हाय ना, खरंखोटं कळते तिले!"

*

मी घेतली धामण, माझ्याच गोदामातली. धामण बिनविषारी, उंदरांचा काळ. धान्याच्या व्यापाऱ्याला याहून चांगला चौकीदार कुठं मिळणार? पण आमचे हमाल मारोतराव अडून बसले. "सेठजी, ते अंदर हाय तवरिक मी पोत्याले हात लावत न्हाई."

"अहो, ती आपल्याच घरची आहे. प्रमाणपत्र आहे!"

"आपल्या न्हाई, तुमच्या घरची. मंग तुमीच तिले सांगा, मारोतराव पोतं उचलून राह्यला, जरा बाजूले हो."

गिऱ्हाइकं उभी. करता काय? मी दारात उभं राहून मोठ्यानं सांगितलं. आणि खरंच, थप्पीवरून उतरून ती भिंतीच्या भोकात निघून गेली! मारोतरावांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि जाता जाता म्हणाले, "सेठजी, पूर्ण घरात तुमचं आयकणारं हे एकच दिसते!"

*

इथले एक वकीलसाहेब. त्यांना धामण चालेना. "आमच्या खानदानाले नागच शोभते," म्हणाले. प्रमाणपत्राला फ्रेम केली, ऑफिसात खुर्चीमागं टांगली. एके सकाळी नाग खानदानाला भेटायला थेट न्हाणीघरात! वकीलसाहेब टॉवेलवर रस्त्यात. तिथूनच मॅडमना फोन.

"मॅडम, तुमचा साप आला!"

मॅडमनी आधी तेच विचारलं. "मारला तर नाही ना?"

"मारतो कायचा, मीच मरून राह्यलो इथं! घेऊन जा तुमचा साप!"

नाग जिवंत आहे म्हटल्यावर मॅडमच्या जिवात जीव आला. "माझा कसा साहेब? खाली आडनाव कोणाचं आहे?"

सर्पमित्र आला, नागाला अलगद बरणीत घेतलं आणि नाल्याकडं सोडायला निघाला. जाताना त्यानं वकीलसाहेबांना विचारलं, "साहेब, पाव्हण्याले मीच पोहोचवून देऊ, का तुमी येता सोडायले?"

*

हैदराबाद रोडवर, नाल्याजवळ, क्लबच्या पोरांनी दत्तक कासवासाठी पाटी लावली. मराठीत आणि हिंदीत. 'हळू चालवा, आमचं कासव रस्ता ओलांडतं.' एक दिवस तिथं ट्रकांची ही लाइन! मी स्कूटरवरून पुढं गेलो. पाहतो तर पहिला ट्रक इंजिन बंद करून उभा, ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढतोय.

"क्या हुआ भाई? बिगड़ गया क्या?"

"नहीं सेठजी. बोर्ड पे लिखा है ना, बच्चों का कछुआ आता है।"

"आया क्या?"

"कब से रुके हैं," त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, "अभी तक तो आया नहीं!"

*

आता शेवटचा. केळापूरच्या बाजूला एक बंजारा तांडा आहे. तिथल्या सकरीबाई राठोड, म्हातारी पण आवाज खणखणीत. त्यांनी वावरातली धामण दत्तक घेतली, आणि रीतसर घेतली. तांड्याला गूळ वाटला, धामणीचं नाव ठेवलं रूपली. काही महिन्यांनी हेडमास्तरांच्या कानावर आलं, की रूपली दिसत नाही, आणि शेजारच्या नामदेव भोयरच्या हातात काठी पाहिली होती. राठोड आणि भोयर यांचं धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, भांडण, कित्येक वर्षं तोंड पाहत नव्हते. "झालं. संपला तुमचा क्लब," हेडमास्तर मॅडमना म्हणाले. "चला, डोळ्यांनीच पाहू." गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो. 

सकरीबाईंनी बाज टाकली, पाणी दिलं.

"आजी, तुमची धामण कुठं आहे?"

"गेली."

मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"गेली म्हणजे?"

"सासरी गेली, सर! पोरीची जात, कायले घरी ठेवाव? धुऱ्यापल्याड गेली, नामदेवच्या पऱ्हाटीत. तिकडं उंदीर लय."

हेडमास्तर तडक धुऱ्याकडं निघाले, मागं आम्ही. आणि समोर कपाशीच्या तोंडाशी नामदेव भोयर, हातात काठी, आडवा उभा! मॅडमचे पाय जागीच थांबले.

"इकडं धामण आली होती?" हेडमास्तरांनी विचारलं.

"आलती."

"मारली?"

नामदेव भडकला. "काहून मारीन? सून हाय आमची! तिथं ओळीत पसरली हाय. तुमी बुटं घालून घुसान, तिच्या अंगावर पाय देसान, म्हणून उभा हाव काठी घेऊन. मागं सरा!"

हेडमास्तर दोन पावलं मागं सरले. तेवढ्यात तांड्याकडून सकरीबाईंची हाक आली, "नामदेव! सगळ्याइचा चहा टाकू काय?"

 नामदेवनं काठी खाली टेकवली.

"टाका, विहीणबाई! साखर जास्त!"

हेडमास्तरांनी पऱ्हाटीकडं पाहिलं. मग मॅडमकडं वळून हळूच म्हणाले, "मॅडम, प्रमाणपत्रावर आता भोयर लिहावं लागेल."

तर हा किस्सा खुशाल कुठंही सांगा. फक्त क्लबातल्या धामणींचा हिशेब मांडाल तेव्हा खरा मांडा हो. रूपली एकच धरा. माहेरची एक आणि सासरची एक, अशा दोन नका करू!