मढच्या माळावरचा ग्रॅनाइट

दगडवेड्या मंडळींनो, आपल्या जुन्नरात सगळीकडे काळा कातळ. आज मढजवळच्या माळावर मात्र जमिनीतून डोकावणारा ग्रॅनाइट दिसला. गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखं क्वार्ट्झ, अभ्रकाचे काळे ठिपके. शंकाच नको. नमुन्यासाठी हातोडा उचलला.

"राव, देव हाय त्यो!" मेंढरं राखणाऱ्या आजी ओरडल्या.

पलीकडच्या अंगाला शेंदूर होता. हातोडा पिशवीत घातला.

"आजी, हा दगड इथला नाही. फार लांबून कुणीतरी आणलाय."

"आमचं सासरं तेच सांगायचं. मेंढरांमागं चालत आलं, तवा देव खांद्यावर व्हता. गावात कुनालाच पटलं न्हाई."

आजींनी पदरानं देव पुसला. "ऐकलंस का रं? सासरं खोटं बोलत न्हवतं."

तर मंडळी, नमुना आणलेला नाही. वरच्या वर्णनावर भागवाल ना?