लेह ते जम्मू, एक दोरा

शाळेचा जुना नकाशासंग्रह काल उघडला आणि छपाईच्या शाईचा वास आला. आत माझं पत्रक होतं: ‘विमानं श्रीमंतांची!’

खाजगी विमान कंपन्या तेव्हा नव्या होत्या. काचीगुड्याच्या घरी मी त्यांच्याविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे बांधत होतो, ताई बाळाला घेऊन बसली होती. बारसं चार दिवसांवर आलेलं. भाऊजी लेहला फौजेत. रजा मिळाली, पण बर्फानं रस्ता बंद. तेवढ्यात त्यांची तार आली: जम्मूपर्यंत विमानात जागा मिळाली, पुढे रेल्वेनं येतो.

ताईनं माझ्या गठ्ठ्याचा दोरा ओढला आणि याच संग्रहातल्या नकाशावर लेहपासून जम्मूपर्यंत धरला. तो बोटाच्या पेराएवढाही भरला नाही.

“रस्ता उघडा असता तरी दोन-तीन दिवस. विमानानं रे?”

“तासभर,” मी पुटपुटलो.

“मग बारशाला पोचतात! तू वाटत बस तुझी पत्रकं.”

शेजारच्या खाला हसल्या, “दामाद हवा में आरें, भय्या पर्चे बांधरें!”

मी चिडलो. पण संध्याकाळी आबिड्सच्या बाजारात वाटायला निघण्यापूर्वी प्रत्येक पत्रकावर हातानं एक ओळ वाढवली: ‘ती सगळ्यांची झाली पाहिजेत.’

बारशाच्या सकाळी पाळण्याची दोरी भाऊजींच्या हातात होती. पत्रकावरची ती ओळ अजून पुरती खरी झालेली नाही. मी ती खोडणारही नाही.