साफ आलेला फोटो

मलकापूरच्या स्टेशनवर मला सोडायला आलेल्यांपैकी एकही जण गाडीकडे बघत नव्हता. आई माझ्या पिशवीकडे बघत होती. धाकटा भाऊ सुमेध बाकावरच्या एका माणसाकडे बघत होता, कारण तो माणूस माझ्या पिशवीकडे बघतोय असा त्याला वहीम होता. बाबा तिकिटावरचं माझं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. "कोणी गोड बोलून विचारलं, बाई कुठं चालली, तर जळगाव सांगजो," ते म्हणाले. मी जर्मनीला चालले होते.

आमच्याबरोबर शेषराव काकाही आले होते. धामणगाव बढ्याला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची पिठाची चक्की. त्या दिवशी त्यांनी चक्की बंद ठेवली होती, आणि गावात बायका दळणाचे डबे घेऊन परत जात असणार हे मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. अंघोळ करून आले होते, तरी भुवईत पीठ राहिलंच होतं. "पोट्टी, तिकडे थंडी लय राह्यते म्हणतेत. कानाले बांधत जाजो," म्हणाले आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं. बाबा लगेच खेकसले, "तू काऊन रडून राह्यला बे? पोरगी माही चालली का तुही?"

संशय आमच्या घरात सगळ्यांनाच आहे, मला काही वेगळा आलेला नाही. दूधवाला पाणी घालतो, सिलिंडर भरून येत नाही, आणि पाहुणा जास्त हसला तर त्याचं काहीतरी काम आहे, हे आम्ही लहानपणापासून धरून चाललो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाले आणि लोकांनी त्यांच्या हातात स्मार्टफोन दिला, तेव्हा तर संशयाला ऊतच आला. व्हॉट्सॲपवर आलेला एकही फोटो ते खरा मानत नाहीत. एकदा मावशीनं नातवाच्या बारशाचा फोटो पाठवला तर म्हणाले, "हे कोणाचं लेकरू आहे, पहिले विचार."

त्यांचा विश्वास फक्त शॉर्टवेव्ह रेडिओवर. तरुणपणापासून परदेशी केंद्रं ऐकायची, कुठलं केंद्र कसं ऐकू आलं ते त्यांना कळवायचं, मग तिकडून छापील कार्ड यायचं. पुढं एकेक केंद्र बंद पडत गेलं आणि बाबा रेडिओचं बटण फिरवत नुसती खरखर ऐकत बसायचे. मी इंजिनिअरिंगला असताना मला एक भानगड सापडली. एक परदेशी केंद्र आठवड्यातून एकदा, रविवारी, शॉर्टवेव्हवरून मजकूर आणि चित्रं पाठवतं. रेडिओतून नुसता चिवचिवाट ऐकू येतो. फोनवर एक ॲप उघडून तो रेडिओच्या तोंडाशी धरला, की त्या आवाजातून अक्षरं उमटायला लागतात, आणि मग चित्र वरून खाली ओळीओळीनं भरत येतं. ना इंटरनेट, ना सिमकार्ड. बाबांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा फोन उलटा करून मागं काही वायर आहे का ते तपासलं. पटल्यावर मात्र पक्के झाले. "हवेतून येते ते साऱ्याईले सारखं येते," ते सांगायचे. "मले एक अन् तुले एक, असं नाही करता येत त्याले."

फक्त एक अडचण होती, ती म्हणजे शेषराव काका. रविवारी संध्याकाळी नेमकी त्यांची चक्की जोरात असायची. मोटर सुरू झाली की रेडिओत घरघर शिरायची आणि आमच्या चित्रावर आडवे पांढरे पट्टे उमटायचे. कुठल्या देशाचा किल्ला असो की मंगळावरचा दगड, त्यावर शेषराव काकांचे पट्टे असायचेच. बाबा भिंतीवरून ओरडायचे, "बंद कर बे पाच मिनिट, फोटो येऊन राह्यला!" पलीकडून उत्तर यायचं, "तुह्या फोटोसाठी लोकाईले उपाशी ठेवू काय, गुरुजी?" मग फोटो आला की काका पीठ झाडत आमच्याकडे बघायला येणार, आणि पट्ट्यांवर बोट ठेवून विचारणार, "हे मधात मधात काय आहे?" बाबा म्हणायचे, "तुहं थोबाड आहे."

पोलीस पाटलांच्या कानावर गेलं की गुरुजींच्या घरातून रविवारी कसले तरी इशारे ऐकू येतात. ते चौकशीला आले. "काय सिग्नल देऊन राह्यले, गुरुजी?" बाबा ताठ बसून म्हणाले, "देऊन नाही राह्यलो, घेऊन राह्यलो." त्यानं संशय आणखी वाढला. शेवटी शेषराव काकांनीच मध्ये पडून मिटवलं.

इकडे जर्मनीत केम्निट्झला आले तर तीच कथा. बाल्कनीत मी एरियलची तार बांधली, आणि दुसऱ्याच दिवशी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे आजोबा, दारात हजर. तार कशाची? आवाज कसला? मी जमेल तसं जर्मन बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, विश्वास काही ठेवला नाही. मला ते आपलेच वाटले. रविवारी इथं शांतता पाळतात. ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काच जमा करायच्या पेटीत टाकायच्या नाहीत. त्यामुळं माझं चित्र कसं लख्ख यायचं. तिकडे दिवेलागण झालेली असायची, इकडे माझं दुपारचं जेवण नुकतंच झालेलं असायचं, आणि दोन्हीकडे एकाच वेळी एकच चित्र उतरायचं. मग बाबा त्यांचं चित्र घरच्या ग्रुपवर टाकायचे, मी माझं. बाबा दर वेळी लिहायचे, "तुझं साफ आहे. इथं शेषराव आहे."

खरं सांगायचं तर मी चित्र बघतच नव्हते, पट्टे बघत होते. दाट पट्टे म्हणजे सोयाबीन निघालं, हातात पैसा आला, गावात दळणं वाढली. मध्येच पट्टे थांबून चित्र अर्धवट राहिलं म्हणजे लाईन गेली. फोनवर सगळे मला एकच उत्तर द्यायचे, सगळं ठीक आहे. पट्टे तेवढे खरं सांगायचे. माझी नोकरीसुद्धा तीच आहे. कारखान्यात सुटे भाग तपासायचे, चांगला दिसणारा भाग हातात घेऊन त्यात कुठं खोट आहे ते शोधायचं.

आणि एका रविवारी बाबांचा फोटो साफ आला.

एकही पट्टा नाही. समुद्राकाठचा दीपस्तंभ होता, निळं आकाश, खालपासून वरपर्यंत स्वच्छ. मी ताबडतोब धरून चालले की हा फोटो बाबांनी घेतलेलाच नाही. जगभरातले हौशी लोक असले फोटो इंटरनेटवर टाकतात, तिथून सुमेधनं उचलला असणार. का उचलला? कारण बाबा रेडिओजवळ बसण्याच्या स्थितीत नाहीत.

मी फोन लावला. बाबा पलंगावर बसलेले दिसले, पण माझ्याकडे बघत नव्हते. "फोटो कोणी घेतला?" "मीच घेतला, माय." "मग पट्टे कुठं गेले?" बाबांनी सुमेधकडे बघितलं. मग सुमेध म्हणाला, आज लाईन नव्हती. लाईन नसताना रेडिओ कसा चालला, ते मात्र सांगेना. पुढच्या रविवारी परत साफ. आई म्हणाली, चक्कीचा पट्टा तुटला. त्याच्या पुढच्या वेळी सुमेध म्हणाला, काका लग्नाला गेले. मी म्हटलं, फोन घेऊन जरा अंगणात जा, मला घर दाखव. सुमेध म्हणाला, चार्जिंग संपत आलं. माझा हाच भाऊ दिवसभर चार्जरला चिकटलेला असतो!

तुम्ही जे माझ्यासारखे घर सोडून गेलात, तुम्हाला हे ओळखीचं असेल. घरची दोन माणसं तीन उत्तरं द्यायला लागली की समजायचं, बसून ठरवायचं त्यांचं राहून गेलंय. बाबांना काय झालं असेल याचा मी इतका विचार केला की कारखान्यात एक चांगला भाग खोटा म्हणून बाजूला काढला. हृदय असेल. नाहीतर तो दुसरा आजार, ज्याचं नाव आमच्या घरी कोणी घेत नाही. मी रजा मागितली, तिकीट काढलं आणि घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही. सांगितलं असतं तर त्यांनी बाबांना तेवढ्यापुरतं उठवून बसवलं असतं.

दुपारी दारात उभी राहिले. बाबा अंगणात खाटेवर तूर निवडत बसले होते. धडधाकट. मला बघून सूप तसंच हातात राहिलं.

"तू काऊन आली?" ते म्हणाले. "नोकरी गेली काय?"

आई बाहेर आली, तिनं आधी माझ्या पोटाकडे बघितलं, मग गळ्याकडे, मग मागं कोणी उभं आहे का ते. "खरं सांग, काय झालं?" सुमेध म्हणाला, "ताई, तिकडं काही भांडण झालं का?" मी तिकडून संशय घेऊन आले होते, आणि इथं तिघांनी मिळून मलाच आरोपी केलं. मी ओरडले, "मले काही नाही झालं! बाबाले काय झालं ते सांगा!" बाबा म्हणाले, "मले? मले काय होते?"

मग आईनं माझा हात धरला. मला खाटेवर बसवलं, एका बाजूला सुमेधला बसवलं, दुसऱ्या बाजूला स्वतः बसली. पाण्याचा गडू माझ्यासमोर ठेवला. आणि म्हणाली, "आता सांगतो. शेषराव गेला."

भर दुपारी काका दळण टाकून स्टुलावर टेकले ते टेकलेच. त्याला महिना उलटून गेला होता. तेव्हा कुठं माझं भिंतीपलीकडे लक्ष गेलं. चक्कीचं शटर खाली होतं. मी रागावलेही होते आणि रडतही होते. मला स्टेशनवर सोडायला आलेला माणूस गेला आणि मला तुटलेल्या पट्ट्याची गोष्ट सांगता? आई पाठीवरून हात फिरवत राहिली. "एकल्या माणसाले अशी बातमी सांगायची नाही," ती म्हणाली. "माहा बाप मेला तवा मी घरी एकलीच होती. पोस्टमननं तार देली अन् चालला गेला. संध्याकाळलोक मले धरायले कोणी नव्हतं. तवाच मी ठरवलं, माह्या लेकराईले असं नाही सांगायचं." कोणी पाहुणी तुझ्याकडे राहायला आली असती तर तेव्हा सांगितलं असतं, म्हणाली. आणि मी तर तिकडे कायमची एकटी. म्हणजे मला कधीच काही कळणार नव्हतं.

बाबा इतका वेळ तुरीत बोटं फिरवत होते. "खोटं मले जमलं नाही," ते म्हणाले. "सुमेध म्हणे, फोटोच नका टाकू. पण नाही टाकला तर तू म्हणशीन बाप मेला. म्हणून टाकला. मले काय माहीत तू फोटो नाही, पट्टे पाह्यते!" मग जरा थांबून म्हणाले, "जिंदगीभर त्याले म्हणलो, बंद कर, बंद कर. पहिला साफ फोटो आला न माय, तर मी फोन फेकून देला होता." आणि बाबा रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

भिंतीपलीकडे काकूंकडे जाऊन आले. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला तर झाला, आली तर खरी."

परत निघायच्या आदल्या दिवशी मात्र आईशी भांडले. म्हटलं, मला सगळं सांगायचं, एकटी असले तरी. ती म्हणाली, "तू तिकडे एकली रडशीन, अन् आमाले माहीत बी पडणार नाही. हे कसं चालन?" मी म्हटलं, "आई, न सांगता ठेवलं तर मी रोजच एकटी राहीन." ती उठली आणि माझ्यासाठी चटण्या भरायला लागली. मला वाटलं, हिनं ऐकलं नाही.

मी परत आले. कारखाना सुरू झाला, हाउसमाइस्टर आजोबांचा तारेवरचा डोळा सुरू झाला. काही आठवड्यांनी आईचा फोन आला, आणि तो अवेळी आला तेव्हाच मी ओळखलं. "कोणी आहे काय तुह्याजवळ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. मग पलीकडे बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. आता ती म्हणणार, सगळं ठीक आहे, सहज फोन केला, याची मी वाट बघत होते.

"बरं, मग बसून घे," ती म्हणाली. "तुह्या बाबाच्या दोन्ही डोळ्याईत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन करा लागते." एका दमात म्हणून मोकळी झाली. मागून बाबा विचारत होते, "सांगतलं काय तिले?"

पूर्वी मला कोणी विचारलं असतं की घर म्हणजे काय, तर मी धामणगावची भिंत, अंगण, माणसं अशी मोजत बसले असते. आता एवढंच सांगेन की जिथली वाईट बातमी मला वेळेवर कळते, ते माझं घर. अर्थात स्वभाव कुठं जातो? आईचा फोन ठेवला आणि लगेच सुमेधला वेगळा लावला. "खरं सांग, मोतीबिंदूच आहे ना? आणखी काही नाही ना?" तो हसायला लागला. "हाव ताई, मोतीबिंदूच."

मग मी खाली बसून पोटभर रडले. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आईला ते माहीत होतं, आणि तरी तिनं मला सांगितलं होतं.